लांडग्यांचा मार्च २०२४: एनसी स्टेटच्या बास्केटबॉल विजयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉली आणि आसपासची मराठी मंडळी, ऑगस्टमध्ये नव्याने येणारे विद्यार्थी आणि त्यांच्या घरचे, या तिघांकडून हे प्रश्न येत राहतात. ऑगस्टमध्ये ‘हा काय प्रकार आहे?’ छापाचे, मार्चमध्ये ‘हा मोठा की तो?’ छापाचे. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी तटस्थ नाही, लाल रंगाचा आहे. आकड्यांशी मात्र लबाडी केलेली नाही.

१. एनसी स्टेट म्हणजे यूएनसीच ना? की वेगळं?

वेगळं. आणि हा प्रश्न रॉलीत कुणाला तोंडावर विचारू नका. नॉर्थ कॅरोलायनाच्या या पट्ट्यात तीन मोठी विद्यापीठं हाकेच्या अंतरावर आहेत: रॉलीत एनसी स्टेट, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट (लाल, चिन्ह लांडगा), चॅपल हिलमध्ये यूएनसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना, ज्याला इथे नुसतं ‘कॅरोलायना’ म्हणतात (आकाशी निळा), आणि डरहममध्ये ड्यूक (गडद निळा). तिघांत बास्केटबॉलचं पिढ्यानपिढ्यांचं वैर आहे. ड्यूक आणि कॅरोलायना एकमेकांना प्रतिस्पर्धी मानतात आणि आपल्याला मानत नाहीत, हे स्टेटवाल्यांचं जुनं दुखणं. मधल्या भावासारखं समजा.

मी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात सेलमध्ये मिळाला म्हणून आकाशी रंगाचा स्वेटशर्ट घालून लॅबमध्ये गेलो होतो. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. तरी दिवसभर कुणी ना कुणी थांबून ‘कॅरोलायनाचा का रे तू?’ असं विचारत होतं. संध्याकाळी तो उलटा करून घातला.

२. २०२४ मध्ये त्यांनी नेमकं जिंकलं काय? कुणी म्हणतं चॅम्पियन झाले, कुणी म्हणतं सेमीफायनलला हरले.

दोन्ही खरं आहे, कारण स्पर्धा दोन आहेत.

पहिली एसीसी स्पर्धा. एसीसी हा विद्यापीठांचा एक गट. हिवाळाभर साखळी सामने होतात आणि मार्चमध्ये गटातलीच बाद फेरीची स्पर्धा. १६ मार्च २०२४ ला वॉशिंग्टन डीसीत एनसी स्टेटने ही जिंकली. त्यानंतर देशभरातल्या ६८ संघांची एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धा, तिलाच ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात. तिथे स्टेट शेवटच्या चारांत पोहोचलं आणि ६ एप्रिलला ॲरिझोनात पर्ड्यूकडून ६३–५० हरलं.

दोन्हींना जोडणारा धागा असा की गटाची स्पर्धा जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. बाकीच्या जागा निवड समिती ठरवते. पूर्वी तर गटातून फक्त विजेताच जायचा. १९७४ च्या एसीसी फायनलमध्ये स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३–१०० हरवलं आणि देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक असलेला मेरीलँड घरी बसला. पुढच्याच वर्षापासून एका गटातून एकापेक्षा जास्त संघ घ्यायला सुरुवात झाली.

३. साखळीत १७ जिंकले, १४ हरले. असा संघ स्पर्धा जिंकतोच कसा?

हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मी जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा दिलंय की बायको उठून पाणी आणायला जाते.

साखळी संपताना स्टेटने सलग चार सामने हरले होते. गटात तेव्हा पंधरा संघ, त्यांत दहावं मानांकन. वरच्या चार संघांना पहिले दोन दिवस सुट्टी असते, तळाच्या सहांना मात्र मंगळवारपासून खेळावं लागतं. म्हणजे कप उचलायचा तर मंगळवार ते शनिवार रोज एक सामना, आणि रोज जिंकायचा. एसीसीत असं आधी कुणीही केलं नव्हतं. प्रशिक्षक केव्हिन कीट्स यांची नोकरी जाणार, अशी उघड चर्चा चालू होती.

मंगळवारी लुईव्हिल, ९४–८५. बुधवारी सिराक्यूज, ८३–६५. इथवर कुणी फारसं लक्ष दिलं नाही. गुरुवारी ड्यूक, ७४–६९. आता ऑफिसात लोक मान वर करून बघायला लागले.

शुक्रवारी व्हर्जिनिया. ही मॅच मी माझ्या मित्राच्या अपार्टमेंटमध्ये बघितली. सोफ्यावर चौघे, जमिनीवर तिघे, कुकरची शिट्टी होऊन गेलेली आणि उठायला कुणी तयार नाही. ५.३ सेकंद शिल्लक, व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे आणि त्यांचाच आयझॅक मॅकनीली फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणारी बिनअडथळ्याची फेक, एक गुण) रेषेवर. एक पडला तरी खेळ खलास. तो हुकला (असं हुकण्याने दुसरी संधीही का गेली, ते प्रश्न ४ मध्ये). मायकेल ओकॉनेल चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडून पळाला आणि बझर वाजता वाजता त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकला. सरळ नाही, बोर्डावर आपटून आत. ५८–५८. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. जादा वेळेत स्टेट ७३–६५ ने जिंकलं.

शनिवारी अव्वल मानांकित कॅरोलायना. ८४–७६. पाच दिवसांत पाच.

कारण विचाराल तर माझ्या मते नशीब एका चेंडूपुरतं होतं. बाकी सगळं वयाचं काम. हा संघ चार-पाच वर्षं कॉलेज बास्केटबॉल खेळलेल्या जाणत्या मुलांचा होता, आणि मोसमभर न जुळलेलं गणित एकदा जुळल्यावर ते बिथरले नाहीत. पाय दुखत असतानाही फ्री थ्रो घालायला डोकं थंड लागतं.

४. फ्री थ्रो हुकला तर दुसरा मिळतोच ना? मॅकनीलीला का नाही मिळाला?

पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २० मिनिटांचे दोन हाफ असतात. एका हाफमध्ये समोरच्या संघाचे फाउल सातवर गेले की ‘वन-अँड-वन’ लागू होतं: पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. पहिला हुकला की चेंडू जिवंत, ज्याच्या हाती लागेल त्याचा. दहा फाउलनंतर मात्र सरळ दोन मिळतात. म्हणूनच मागे पडलेला संघ शेवटी मुद्दाम फाउल करतो. नवख्यांना तो रडीचा डाव वाटतो. तो हिशेब आहे.

एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि कॉलेजच्या महिला सामन्यांत वन-अँड-वन नाही. महिलांचा खेळ दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये होतो.

५. आमचा मुलगा एमएस करायला गेलाय. त्या रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, मागे हजारो पोरं रस्त्यावर ओरडत होती. काही गडबड तर नव्हती ना? (नाशिकच्या एका काकूंचा प्रश्न, सांगली आणि ठाण्याहूनही हाच आला.)

काकू, गडबड नव्हती, आनंद होता. तुमची रविवारची सकाळ म्हणजे इथली शनिवारची रात्र. मार्चमध्ये घड्याळं पुढे सरकल्यावर भारत इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतो.

कॅम्पसच्या कडेला हिल्सबरो स्ट्रीटवर बेलटॉवर आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचं स्मारक. मोठा विजय झाला की तो रात्री लाल दिव्यांनी उजळतो आणि पोरं आपसूक तिकडे निघतात. कुणी बोलावत नाही. आपल्याकडे वर्ल्ड कप जिंकल्यावर लोक चौकात जमतात तसंच. (गंमत म्हणजे नाव बेलटॉवर असून त्यात २०२१ पर्यंत खऱ्या घंटाच नव्हत्या.) हाताची मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवून, करंगळी आणि तर्जनी वर करून लांडग्याचं तोंड करतात. तुमचा मुलगा कॅमेऱ्यासमोर तेच करत होता. शिवी नव्हती ती.

मी त्या गर्दीत होतो. शेजारी एक आजी होत्या, लाल स्वेटर, डोळ्यांत पाणी. त्या शेवटच्या विजयाच्या वेळी कॉलेजात होत्या म्हणे. एवढं सांगून त्या पुन्हा ओरडायला लागल्या.

६. पण शेवटी हरलेच. मग अजून इतकं कौतुक कशाचं?

कारण त्याआधीची एसीसी ट्रॉफी १९८७ ची होती. मध्ये सदतीस वर्षं गेली. त्या काळात शेजारच्या दोन्ही निळ्यांनी राष्ट्रीय विजेतेपदं अनेकदा नेली आणि आपण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिलो. इथे या दैवाला एक नावच आहे, साधारण अर्थ ‘स्टेटची नेहमीची कर्मकहाणी’. जिंकता जिंकता हरलं की लोक एकमेकांकडे बघून तेवढेच शब्द उच्चारतात. व्हर्जिनियाच्या मॅचमध्ये ती कर्मकहाणी पहिल्यांदाच समोरच्याच्या पदरात पडली.

७. डीजे बर्न्स एवढा जाडजूड, उडीही फार नाही. त्याच्यात लोकांनी काय पाहिलं?

स्टेटचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू. सहा फूट नऊ इंच, वजन सव्वाशे किलोच्या घरात, डावखुरा. धावतो कमी, उडतो त्याहून कमी. आता बघा तो काय करायचा.

बास्केटकडे पाठ करून उभा राहतो, चेंडू मागतो. चेंडू आला की एकदा जमिनीवर टप्पा आणि कमरेचा एक रेटा. पुन्हा टप्पा, पुन्हा रेटा. विरार लोकलमध्ये दारातून आत सरकणारा मुरलेला प्रवासी आठवा: तो कुणाला ढकलत नाही, फक्त जागा घेतो, आणि अंधेरी येईपर्यंत मधोमध उभा असतो. तसा बर्न्स रिंगपासून चार फुटांवर पोहोचतो. मग खांदा एका बाजूला दाखवून दुसऱ्या बाजूला वळतो आणि डाव्या हाताने चेंडू अलगद टेकवतो. हे सगळं इतकं सावकाश, की रोखणाऱ्याला काय होणार ते दिसत असतं आणि थांबवता येत नाही.

आणि दुसरा खेळाडू मदतीला धावला की बर्न्सची नजर आधीच कोपऱ्यात गेलेली असते. तिथल्या मोकळ्या माणसाला पास. कॅरोलायनाविरुद्धच्या फायनलमध्ये त्याचे २० गुण आणि ७ असिस्ट (सोबत्याला थेट गुण मिळवून देणारे पास) होते. सेंटरने सात असिस्ट देणं म्हणजे यष्टिरक्षकाने सामना बोलिंग करून काढण्यासारखं. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. शिवाय तो सगळा वेळ हसत असायचा, आणि ते हसू कॅमेऱ्यासाठीचं नव्हतं.

८. बर्न्स मोठा की झॅक ईडी?

या प्रश्नावरून दोन मित्रांचं बोलणं महिनाभर बंद होतं, म्हणून नीट लिहितो.

ईडी पर्ड्यूचा सेंटर, टोरंटोचा, सात फूट चार इंच. सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. समोरासमोर आले तेव्हा, ६ एप्रिलच्या सेमीफायनलमध्ये, ईडीने २० गुण आणि १२ रिबाउंड (हुकून परतलेले चेंडू) घेतले. बर्न्सचे ८ गुण. वर सांगितलेला तो रेटा ईडीवर चाललाच नाही, कारण रेटून जागा घेतली तरी वर हात होताच. विषय संपला असं पर्ड्यूवाले म्हणतात, आणि त्या रात्रीपुरतं ते खरंच आहे.

पण ‘कोण मोठा’ असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘कुठल्या मॅचमध्ये?’ सहा दिवस आधी ३१ मार्चला ड्यूकविरुद्ध, हाफ टाइमला २७–२१ ने मागे असताना, बर्न्स सुटला. १९ पैकी १३ शॉट आत, २९ गुण, स्टेट ७६–६४. ड्यूकच्या जॅरेड मॅककेनने त्याच सामन्यात ३२ केले, म्हणजे गुणांत तो सरस. पण त्याचे ३२ ड्यूकला वाचवू शकले नाहीत, कारण बर्न्सला थांबवायला दोन माणसं लागत होती आणि उरलेल्या तिघांना चौघांना सांभाळावं लागत होतं. हे आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. मॅच बघितलेल्याला दिसतं.

तर: मोसम निवडायचा असेल तर ईडी, डोळे झाकून. मार्चमधला एक आठवडा निवडायचा असेल तर बर्न्स. एनबीएने काय ठरवलं म्हणाल, तर ईडी मेम्फिसने नवव्या क्रमांकावर घेतला, बर्न्सला ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तिथे) कुणीच घेतलं नाही. पण एनबीए वेगळं दुकान आहे, त्यांची मापं वेगळी.

९. सगळे बर्न्स-बर्न्स करतात, पण गुण तर डीजे हॉर्न करत होता ना?

बरोबर, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस मला लगेच आवडतो. संघात दोन डीजे, त्यामुळे नवख्यांचा गोंधळही होतो. हॉर्न गार्ड (रिंगपासून लांब, चेंडू खेळवणारा), चपळ, आणि रॉलीचाच मुलगा. इलिनॉय स्टेट, ॲरिझोना स्टेट अशी वळणं घेत शेवटच्या वर्षी घरी परतला. कॅरोलायनाविरुद्ध फायनलमध्ये त्याचे २९ गुण होते, आणि पर्ड्यूविरुद्ध बाकी सगळे थंड पडले तेव्हा २० त्यानेच केले.

त्याच फायनलमध्ये कॅरोलायनाच्या आरजे डेव्हिसने, गटातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूने, हॉर्नपेक्षा एक गुण जास्त केला. तरीही त्या रात्री आपल्या माणसांत डेव्हिसचं नाव कुणी काढलं नाही. हरलेल्या संघाच्या तीस गुणांना कुणी विचारत नाही.

माझा हट्ट विचाराल तर सर्वांत कमी कौतुक झालेला खेळाडू ओकॉनेल. पर्ड्यूविरुद्ध तो जखमी होऊन बाहेर गेला आणि संघाची लय तिथेच मोडली. त्या सामन्याच्या पराभवात ईडीइतकाच याही गोष्टीचा वाटा होता, असं माझं मत आहे. पर्ड्यूवाल्या मित्राला ते मान्य नाही.

१०. हे सगळे दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. मग हा ‘आपला’ संघ कसा?

बर्न्स विन्थ्रॉपहून, ओकॉनेल स्टॅनफर्डहून, डायरा मिझुरीहून. केसी मॉर्सेल तर व्हर्जिनियाहून आला होता, आणि त्या शुक्रवारी आपल्या जुन्या संघाविरुद्ध खेळत होता. बदलीच्या नोंदणीला ‘ट्रान्सफर पोर्टल’ म्हणतात. आता तिथे दर वसंतात जत्रा भरते. जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावू शकतात, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून कॉलेजंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. जुन्या चाहत्यांना हे रुचत नाही. मला इतकं खटकत नाही, कारण मीही इथे दोन वर्षांसाठीच बाहेरून आलो होतो आणि मला कुणी परका म्हटलं नाही.

एक अपवाद आपल्या लोकांना चटकन कळेल: ईडी कॅनडाचा, स्टुडंट व्हिसावर. त्यामुळे देशातला सर्वांत नावाजलेला कॉलेज खेळाडू असूनही अमेरिकेत जाहिरातींतून मोकळेपणाने कमावणं त्याला शक्य नव्हतं. एफ-१ चे नियम सात फुटांच्या माणसालाही तेच असतात.

११. डायरा रोजे ठेवून खेळत होता, हे खरं की नुसतं व्हॉट्सॲप फॉरवर्ड?

खरं. फ्रान्समधून आलेला मोहम्मद डायरा. २०२४ चा रमजान ११ मार्चला सुरू झाला, एसीसी स्पर्धा १२ ला. पाच दिवस पाच सामने आणि दिवसा पाणी नाही. रिबाउंडमध्ये तो याच काळात सर्वांत भरात होता. याहून जास्त काही लिहीत नाही. आषाढी एकादशीला दुपारी चारला चिडचिडा होणारा माणूस आहे मी.

१२. १९८३ च्या संघाशी तुलना का होते?

कारण तेव्हाही एसीसी स्पर्धा जिंकल्याशिवाय आत जाण्याची खात्री नव्हती, आणि तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. तोही स्टेटचाच संघ, प्रशिक्षक जिम व्हॅल्वानो. मोसमात दहा पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत पहिलाच सामना पेपरडाइनशी, दोनदा जादा वेळ, ६९–६७. तिथून थेट फायनल, ४ एप्रिल १९८३, अल्बुकर्की. समोर ह्यूस्टन, संघात पुढे एनबीए गाजवणारे ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर.

५२–५२, शेवटचे क्षण. डेरेक व्हिटनबर्गने फार लांबून चेंडू फेकला तो रिंगपर्यंत पोहोचलाच नाही. खाली उभ्या लॉरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून आत दाबला. ५४–५२. व्हॅल्वानो मैदानभर पळत सुटले, मिठी मारायला माणूस शोधत. ती चित्रफीत दर मार्चमध्ये टीव्हीवर लागते. दहा वर्षांनी ते कर्करोगाने गेले.

फरक एवढाच की त्यांनी कप आणला, २०२४ वाल्यांनी नाही. त्यामुळे ‘८३ पेक्षा २४ भारी’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण मान हलवू नका. ‘२४ चा रस्ता जास्त खडतर होता’ हे मात्र म्हणता येतं: ८३ चा संघ राष्ट्रीय स्पर्धेत सहाव्या मानांकनाचा होता, २४ चा अकराव्या.

१३. अकरावं मानांकन असून शेवटच्या चारांत, हा विक्रम आहे का?

विक्रम नाही, बरोबरी. एलएसयू (१९८६), जॉर्ज मेसन (२००६), व्हीसीयू (२०११), लॉयोला शिकागो (२०१८), यूसीएलए (२०२१) आणि एनसी स्टेट असे सहा संघ इथवर आले. सहाही सेमीफायनलला हरले. पाच दिवसांत पाच सामने जिंकणंही देशात पहिलं नव्हतं. केंबा वॉकरच्या कनेटिकटने २०११ मध्ये दुसऱ्या गटात ते केलं आणि पुढे राष्ट्रीय कपही जिंकला.

१४. डेव्हिड थॉम्पसन आणि आजचे खेळाडू, तुलना करता येते का?

गावसकर की तेंडुलकर, हा वाद ज्याने घातलाय त्याला याचं उत्तर माहीत आहे: करता येत नाही, आणि केल्याशिवाय राहवत नाही.

थॉम्पसन १९७३ ते ७५ स्टेटकडून खेळला, चव्वेचाळीस नंबर. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती, शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकायचं बंधन) नव्हता. आणि १९६७ ते १९७६ कॉलेजात डंकवरच बंदी होती. म्हणजे देशातला सर्वांत उंच उडणारा पोरगा आणि त्याला चेंडू रिंगमध्ये दाबायची परवानगी नाही! तो हवेत जाऊन पास पकडायचा आणि वरून हळूच सोडून द्यायचा. शेवटच्या घरच्या सामन्यात मात्र त्याने डंक केलाच. पंचांनी फाउल दिला, प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या.

१९७४ ची सेमीफायनल ग्रीन्सबरोत, म्हणजे घरच्याच अंगणात, यूसीएलएशी झाली. सलग सात वर्षं कप नेणारा संघ, त्यात बिल वॉल्टन. त्याच मोसमात त्यांनी स्टेटला अठरा गुणांनी लोळवलं होतं. दोन जादा वेळांनंतर ८०–७७, थॉम्पसनचे २८. मग मार्क्वेटला हरवून कप. पुरुष संघात कायमचा निवृत्त केलेला नंबर फक्त त्याचाच आहे. बाकीच्यांच्या जर्सी सन्मानाने टांगल्यात, पण ते नंबर वापरात आहेत.

आजच्या नियमांत थॉम्पसनने किती गुण केले असते, असं लोक विचारतात. मी वेगळं विचारून बघतो: शॉट क्लॉक नसताना बर्न्सने काय केलं असतं? घाई नाही, तीस सेकंदांचं बंधन नाही, पाठ करून हवे तितके रेटे. मला वाटतं बर्न्स चुकीच्या दशकात जन्मला. थॉम्पसन कुठल्याही दशकात चालला असता. म्हणून स्टेटचा सर्वकालीन पहिला क्रमांक थॉम्पसन, आणि त्यावर चर्चा नाही. दुसऱ्यापासून पुढे रात्रभर बोलू.

१५. मुलींच्या संघाबद्दल कुणीच का बोलत नाही?

तक्रार रास्त आहे, या पानावरही त्या पंधराव्या आल्या. वेस मूर यांचा महिला संघही त्याच वर्षी शेवटच्या चारांत होता. ३१ मार्चला, पुरुषांनी ड्यूकला हरवलं त्याच दिवशी काही तास आधी, त्यांनी पोर्टलंडमध्ये टेक्ससला ७६–६६ हरवलं. अझाया जेम्सचे २७ गुण. पुढे त्या क्लीव्हलंडमध्ये साउथ कॅरोलायनाकडून ७८–५९ हरल्या.

त्या टेक्सस सामन्याआधी एक अजब प्रकार उघडकीला आला: मैदानाच्या दोन टोकांच्या तीन-गुणी रेषा सारख्या अंतरावर नव्हत्या. एका बाजूची सुमारे नऊ इंच जवळ होती, आणि तोवर त्या मैदानावर आधीच्या फेरीचे सामनेही होऊन गेले होते! दोन्ही प्रशिक्षकांनी आहे तसं खेळायचं ठरवलं. गल्लीत खडूने क्रीज आखणाऱ्यांकडूनसुद्धा इतकी चूक होत नाही.

जेम्स आणि हॉर्न यांची तुलना करू नका, खेळाची रचनाच वेगळी (प्रश्न ४). जेम्स आणि तिच्याच संघातली सनाया रिव्हर्स यांची करा. एक गुण आणायची, दुसरी समोरच्याचे गुण अडवायची. मी रिव्हर्सच्या बाजूचा.

१६. इथे पैज लावणं कायदेशीर आहे ना? सगळे लावतात.

नॉर्थ कॅरोलायनात मोबाईलवरून पैज लावणं ११ मार्च २०२४ ला कायदेशीर झालं, म्हणजे त्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी. वय किमान २१ लागतं. खेळाडू आणि अ‍ॅथलेटिक्स विभागातले कर्मचारी यांना एनसीएएची मनाई आहे, तेव्हा तिथे ऑन-कॅम्पस काम मिळालं असेल तर आधी विचारा. माझं मत विचारलंच आहे तर: पैसे लावले की एकोणीस वर्षांच्या पोराचा हुकलेला फ्री थ्रो तुमचा तोटा होतो आणि मग लोक त्याला घाणेरडे मेसेज पाठवतात. मी पैज लावतो ती मिसळीची.

१७. कीट्स अजून आहेत का?

नाही. त्या ट्रॉफीने त्यांचा करार आपोआप दोन वर्षांनी वाढला. पुढच्या मोसमात संघ १२–१९ वर आला, एसीसी स्पर्धेत पात्रसुद्धा ठरला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांना काढलं. ज्या मार्चने नोकरी वाचवली, त्याच्या बरोबर पुढच्या मार्चने नेली. बेलटॉवरवर नाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ‘आता बदल हवाच’ असंही लिहिलं. त्यांत मी होतो, आणि लिहून झाल्यावर फोन बराच वेळ उलटा ठेवला.

१८. पुरुषांचे सामने कॅम्पसवर होतात का?

नाही, पश्चिमेला लेनोवो सेंटरमध्ये. २०२४ च्या मोसमात त्याचंच नाव पीएनसी अरीना होतं, त्यामुळे जुने लोक तेच म्हणतात. महिलांचे सामने मात्र कॅम्पसवरच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये होतात. जुनी इमारत, आवाज घुमतो, आणि बाहेर थॉम्पसनचा पुतळा आहे. नव्याने आलेल्यांनी पहिला सामना तिथेच बघावा.

१९. पहिल्यांदाच मॅचला जातोय. लाल जर्सी नाही. लाल कुर्ता चालेल?

धावेल. मी गुढीपाडव्याचा घालून गेलोय. काळा चालतो, पांढरा चालतो, अगदी भगवाही चालतो. आकाशी तेवढा घरी ठेव.